कात्रप, गुरुवार, अकरा बावन्न

हा घटनाक्रम कुठल्याही एका घराचा नाही. बाई, टेबल आणि रकमा मी योजल्या आहेत. पायरी मात्र एकही योजलेली नाही. जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढणाऱ्यांना गेली काही वर्षं देशभर ज्या क्रमाने लुटलं जातं, तोच क्रम इथे घड्याळ लावून मांडला आहे. जागा कात्रपची घेतली, कारण बदलापूर पूर्वेच्या या भागात सामान सतत हलत असतं. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपतो, कुणाला जवळच स्वतःचा फ्लॅट मिळतो, आणि महिनाअखेरीला कपाट, फ्रिज, दिवाण यांचे फोटो फोनवर चढतात. घर सोडायची तारीख ठरलेली असते. फसवणाऱ्याला हवी असलेली घाई तो फोन करण्याच्या आधीच घरात येऊन बसलेली असते.

बुधवार, रात्री ९.३०. उरले चौदा तास बावीस मिनिटं

रविवारी शिरगावच्या नव्या घरात जायचं आहे. सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल तिथल्या हॉलमध्ये मावणार नाही. जेवणं उरकल्यावर मुलगा त्याचे चार फोटो काढतो, किंमत ९,००० रुपये टाकतो आणि जाहिरात लावतो. बोलणं फक्त त्या संकेतस्थळाच्या चॅटवर ठेवायचं की आपला मोबाइल नंबर दिसू द्यायचा, असं तिथे विचारलं जातं. "नंबर दे रे, लवकर जाईल," आई सांगते. तो देतो.

या पहिल्या निवडीकडे कुणी लक्ष देत नाही. चॅटवर झालेलं बोलणं संकेतस्थळाकडे राहतं, तक्रार केली तर ते खातं बंद करता येतं. नंबर बाहेर पडला की सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथे विकणारा एकटा असतो.

रात्री १०.०५

बेलवलीहून एकाचा मेसेज येतो. "टेबल बघायला उद्या संध्याकाळी येऊ का? सातपर्यंत द्याल?" लाकूड कुठलं, पाय हलतात का, टेम्पो आम्हीच आणू, असे आणखी चार प्रश्न. बाई थोड्या वैतागतात. नऊचं टेबल सातला? त्या उत्तर देत नाहीत.

जुन्या वस्तूचा खरा गिऱ्हाईक असाच असतो. तो घासाघीस करतो, बघायला येतो, पायाला हात लावून बघतो. त्याला टेबल हवं असतं, म्हणून तो टेबलाबद्दल बोलतो.

पूर्वी अनोळखी माणसाला वस्तू विकताना मध्ये कुणीतरी उभं असायचं. भारतातला ऑनलाइन लिलाव मुंबईतल्या 'बाझी डॉट कॉम'ने लोकांच्या अंगवळणी पाडला. २००४ मध्ये ती कंपनी अमेरिकेच्या 'ईबे'ने विकत घेतली. पुढे 'ईबे इंडिया'वर 'पैसापे' नावाची सोय होती. घेणाऱ्याने पैसे आधी तिथे भरायचे, विकणाऱ्याने माल पाठवायचा आणि त्यानंतर पैसे विकणाऱ्याच्या खात्यात पडायचे. त्यातही गैरप्रकार होत, पण दोन अनोळखी माणसांचे हात थेट एकमेकांच्या खिशापर्यंत पोचत नसत. २०१८च्या ऑगस्टमध्ये 'ईबे इंडिया' बंद झालं. तोवर घरातल्या जुन्या सामानाची विक्री छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर गेली होती. तिथे संकेतस्थळ दोघांची गाठ घालून देतं. पैशाचं काय ते दोघांनी बघायचं. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे क्षणात जाऊ लागले. सोय मोठी आहे, तिच्या विरोधात मला काही म्हणायचं नाही. पण मधला उभा माणूस गेला, त्याची जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेत कोण शिरलं ते उद्या सकाळी दिसेल.

गुरुवार, सकाळी ६.२०. उरले साडेपाच तास

नवरा पहिल्या पाळीला निघतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तो कामाला आहे. आत मोबाइल चालत नाही, गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. तीनपर्यंत त्याच्याशी बोलणं होणार नाही. मुलगा आठच्या सुमारास उल्हासनगरला कॉलेजला जातो. घरात बाई आणि सासूबाई.

सकाळी १०.४१. उरला एक तास अकरा मिनिटं

"नमस्ते मॅडम, टेबल का ॲड देखा. मैं सीआयएसएफ से बोल रहा हूँ, मुंबई एअरपोर्ट पे पोस्टिंग है." आवाज तरुण, अदबीचा. मागे वायरलेससारखी खरखर. किंमत? नऊ हजार ठीक आहे. बघायला? "फोटो देख लिया मॅडम, बहुत अच्छा है. ड्यूटी से निकल नहीं सकता, ट्रान्सपोर्ट की गाडी भेज दूँगा. पेमेंट अभी करता हूँ, आप बस किसी और को मत देना."

बाईंना बरं वाटतं. वर्दीतला माणूस, बोलणं सभ्य, शिवाय एक पैसा कमी केला नाही.

सकाळी १०.५५

व्हॉट्सॲपवर ओळखपत्र येतं, कॅन्टीनचं कार्ड येतं, गणवेशातला फोटो येतो. बहुतेक वेळा ही कागदपत्रं खऱ्या जवानांची असतात. कुठल्याशा आधीच्या व्यवहारात त्यांनी ती विश्वासाने कुणाला तरी पाठवलेली असतात आणि तीच पुढे शेकडो घरांत फिरतात. म्हणजे एका फसवणुकीत दोन माणसं नागवली जातात, एकाचे पैसे जातात आणि दुसऱ्याचं नाव. आपल्याकडे गणवेशाबद्दल जो मनापासूनचा आदर आहे तो या टोळ्यांनी नेमका ओळखला आहे. मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

खरं म्हणजे इथे एक साधा प्रश्न विचारता येतो. टेबल विकणारीला गिऱ्हाइकाचं ओळखपत्र कशाला हवंय? पैसे आले की टेबल न्यावं. न मागता ओळख पटवणारा माणूस पुढे काहीतरी मागणार असतो.

सकाळी ११.२०. उरली बत्तीस मिनिटं

दुसऱ्या नंबरवरून फोन. "आर्मी अकाउंट्स सेक्शन से. मॅडम, हमारा पेमेंट प्रोसेस अलग होता है. पहले टेस्ट पेमेंट जाएगा." आवाज वयस्कर, थोडा कडक. आता बाई एका गिऱ्हाइकाशी नव्हे, एका खात्याशी बोलत आहेत असं त्यांना वाटतं. सीआयएसएफचा माणूस 'आर्मी'च्या हिशेबाशी कसा जोडला गेला, हे विचारायला फुरसत मिळत नाही. सीआयएसएफ गृह मंत्रालयाखाली येतं आणि लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. दोन्हींपैकी कुठल्याही खात्याच्या हिशेब विभागाचा जवानाच्या घरच्या टेबलाशी संबंध नसतो.

फोन ठेवू देत नाहीत. "लाइन पे रहिए." कपड्यांचं मशीन थांबल्याचा बीप वाजतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, तरी फोन कानालाच.

सकाळी ११.३१. उरली एकवीस मिनिटं

बाईंच्या खात्यात पाच रुपये जमा होतात.

माझ्या लेखी सगळ्या घटनाक्रमातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हा आहे. पुढे पैसे जातात, पण सुटकेची किल्ली या क्षणी बाईंच्या हातात होती. हे पाच रुपये येण्यासाठी त्यांनी काय केलं? काहीच नाही. कोड स्कॅन केला नाही, पिन टाकला नाही, ॲपही उघडलं नव्हतं. पलीकडच्याला फक्त त्यांचा नंबर माहीत होता. नऊ हजारही अगदी तसेच आले असते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, याचा पुरावा चोरानेच पाठवला होता.

पण पाच रुपयांचा अर्थ बाईंना उलटा लागतो: पैसे खरंच येतात, म्हणजे माणूस खरा. तो अर्थ लागावा म्हणूनच ते पाठवलेले असतात.

सकाळी ११.४४. उरली आठ मिनिटं

"अब मॅडम, क्यूआर कोड भेजा है. घर में दूसरा फोन है ना? उसपे फोटो खोलिए और अपने फोन से स्कॅन कीजिए. नौ हजार रिसीव्ह हो जाएँगे."

सासूबाईंचा फोन घेतला जातो. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा फोटो, खाली सैन्याचं चिन्ह, 'रिसीव्ह' असा शब्द. बाई आपल्या फोनने तो स्कॅन करतात.

क्यूआर कोडमध्ये घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता असतो. त्यात रक्कम आणि एक छोटा शेराही आधीच भरून ठेवता येतो. शेऱ्यात काय लिहायचं ते कोड बनवणारा ठरवतो. त्याने 'पेमेंट रिसीव्ह' लिहिलं तर स्क्रीनवर तेच उमटतं आणि ते ॲपनेच सांगितलंय असं वाटतं. कोड स्कॅन करणारा नेहमी पैसे देणारा असतो. भाजीवाल्याकडे कोड त्याच्या गाडीवर लावलेला असतो, स्कॅन आपण करतो आणि पैसे आपले जातात. विकणारीने स्कॅन करायचं असतं तर भाजीवाल्यानेही आपला फोन स्कॅन केला असता.

सकाळी ११.५०. उरली दोन मिनिटं

स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव दिसतं. कुणा स्त्रीचं, परप्रांतातलं, ना जवानाचं ना खात्याचं. "ये कौन है?" बाई विचारतात. त्यांच्या मनात पाल चुकचुकते ती इथे, आणि हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. "वो हमारी अकाउंटंट मॅडम हैं," उत्तर तयार असतं. आणि लगेच, थोडं वरच्या पट्टीत, "जल्दी कीजिए मॅडम, कोड एक्स्पायर हो रहा है, फिर से सँक्शन लेना पडेगा."

ते नाव बहुधा भाड्याने घेतलेल्या खात्याच्या मालकिणीचं असतं. काही हजार रुपयांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असा संच विकून टाकणारी माणसं गावोगाव मिळतात.

सकाळी ११.५२

पिन टाकायचं पान उघडतं. वर रक्कम, वर घेणाऱ्याचं नाव. सहा आकडे. ९,००० रुपये जातात.

सकाळी ११.५८

"मॅडम, कट गया? अरे, सर्व्हर का प्रॉब्लेम है. पैसा सिस्टीम में अटका है. रिफंड के लिए डबल अमाउंट का कोड डालना पडता है, तभी मॅच होगा."

वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. ऐकणारीला वाटत नाही. नऊ हजार गेल्याचा मेसेज समोर आहे, पोटात गोळा आलेला आहे, आणि तो गोळा घालवू शकेल असा जगात एकच माणूस आहे: फोनवरचा. १८,००० जातात.

शिकलेली, सावध माणसं यात सापडत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी फेब्रुवारी २०२१ मधला दिल्लीचा प्रकार आठवावा. तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. गिऱ्हाइकाने आधी किरकोळ रक्कम पाठवली, मग क्यूआर कोड पाठवला. तिच्या खात्यातून २०,००० रुपये गेले. चुकून झालं, परत पाठवतो, असं सांगून दुसरा कोड आला आणि आणखी १४,००० गेले. ती आयआयटीत शिकलेली. पोलिसांनी पुढे तिघांना पकडलं. पायऱ्या जशाच्या तशा आहेत, म्हणून वाचवणारी गोष्ट बुद्धी नाही, आधीपासून कानावर असलेली माहिती आहे.

दुपारी १२.०९

"अब दोनों मिलाके सत्ताईस का लास्ट कोड." बाई नवऱ्याला फोन लावतात, तो कपाटात वाजत राहतो. २७,००० जातात. शिरगावच्या घरासाठी सोसायटीला द्यायचे आणि टेम्पोवाल्याचे मिळून ठेवलेले पैसे ते. एकूण ५४,०००.

दुपारी १२.१५

नंबर बंद. व्हॉट्सॲपवरचा गणवेशातला फोटो दिसेनासा होतो.

असे फोन कुठून येतात याचा काही अंदाज पोलिसांच्या कारवायांतून येतो. जामताऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत झालं आहे, पण जवान बनून केल्या जाणाऱ्या या फसवणुकीचा माग राजस्थानातलं भरतपूर, उत्तर प्रदेशातलं मथुरा आणि हरियाणातलं नूह या पट्ट्याकडे वारंवार गेला. २०२३च्या एप्रिलअखेर हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजार पोलीस घेऊन नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच वेळी छापे टाकले. सव्वाशेच्या आसपास माणसं ताब्यात घेतली. जप्त केलेल्या फोन आणि सिमकार्डांवरून देशभरातल्या सुमारे २८ हजार जणांच्या, शंभर कोटींहून मोठ्या फसवणुकीचा छडा लागल्याचं पोलिसांनी सांगितलं.

दुपारी १२.१५ ते ३.४०

बाई कुणाशी बोलत नाहीत. सासूबाईंना 'गिऱ्हाईक येणार नाही' एवढंच सांगतात. शेजारच्या काकू दार वाजवतात, त्यांना 'डोकं दुखतंय' म्हणतात. भाजी करपते.

या तीन तास पंचवीस मिनिटांवर मला थांबावंसं वाटतं, कारण फसवणुकीच्या बातम्यांत ती कधी येत नाहीत. पैसे पहिल्या खात्यात फार वेळ राहत नाहीत. तिथून दोन-तीन खात्यांत, त्यातून आणखी काही खात्यांत, आणि शेवटी कुठल्याशा एटीएममधून रोख बाहेर. हे काही मिनिटांत सुरू होतं, पण सगळं काही मिनिटांत संपत नाही. कुठल्यातरी टप्प्यावर थोडी रक्कम अडकवता येते. त्यासाठीच १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेकडे पोचते. पैसे अजून तिथे असतील तर रोखले जातात. पुढे गेले असतील तर तक्रार त्यांच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे जाते. शर्यत आहे, आणि ती सुरू होण्यासाठी एक फोन लागतो.

तो फोन लाजेने अडतो. 'लोक काय म्हणतील', 'हे काय म्हणतील', 'एवढी कशी मी'. २०२१च्या डिसेंबरमध्ये क्रिकेटपटू विनोद कांबळी यांना बँकेच्या केवायसीच्या नावाखाली फोन आला, दूरून स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप उतरवायला लावलं आणि खात्यातून सुमारे १ लाख १४ हजार रुपये गेले. त्यांनी वेळ न दवडता वांद्रे पोलिसांत तक्रार केली आणि ती रक्कम परत फिरवता आली. नावाजलेल्या माणसाला 'मी फसलो' म्हणायला जास्तच जड गेलं असेल. आपल्या घरात बायको, आई किंवा मुलगा फसला तर पहिलं वाक्य कुठलं निघतं, यावर पुढच्या वेळी तो माणूस बारा वाजता बोलेल की चार वाजता, हे ठरतं.

दुपारी ३.४०

नवरा घरी येतो. "अगं, तीन मिस्ड कॉल होते तुझे, काय झालं?" त्या सांगतात. तो आधी खुर्चीवर बसतो. त्याच टेबलाच्या. मग म्हणतो, "फोन आण. मेसेज पुसले नाहीस ना?"

नाहीत पुसले. रागाच्या भरात चॅट पुसून टाकणारे बरेच असतात. पुरावा त्यातच असतो.

दुपारी ३.५२

१९३० लागतो दुसऱ्या प्रयत्नात. पलीकडून विचारतात: बँक कुठली, रक्कम किती, वेळ काय, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तिन्ही व्यवहारांचे क्रमांक ॲपच्या इतिहासात सापडतात. घेणाऱ्याचं नाव, यूपीआय पत्ता, आलेले दोन्ही मोबाइल नंबर. तक्रारीचा पोच क्रमांक मिळतो.

दुपारी ४.२०

बँकेच्या ग्राहक सेवेला कळवलं जातं. याचं कारण फक्त पैसे अडवणं हे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर होणारं बँकेचं. स्वतःच्या हाताने पिन टाकलेला असल्यामुळे ५४,००० बँकेकडून मिळण्याची आशा धरता येत नाही. पण खात्यात उरलेले पैसे, बदललेला पिन आणि तक्रारीची नोंदलेली वेळ यांना या क्षणापासून वेगळं वजन येतं.

संध्याकाळी ५.३०

cybercrime पोर्टलवर सगळी चित्रं चढवून झाल्यावर दोघं बदलापूर पूर्व पोलीस ठाण्यात जातात. लेखी अर्ज, बँकेचं विवरणपत्र, चॅटच्या प्रती. गुन्हा नोंदला गेला तर तो भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमाखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड या कलमांखाली, म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं.

शुक्रवार, दुपारी

बँकेकडून कळतं की पहिले दोन्ही व्यवहार पुढे सरकून रोख निघाले आहेत. तिसऱ्यातले ११,२०० रुपये दुसऱ्या टप्प्यातल्या एका खात्यात सापडले आणि रोखले गेले. ते आपोआप परत येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करता येतो, पोलिसांचा अहवाल जातो आणि आदेश झाल्यावर बँक ती रक्कम मूळ खात्यात वळती करते. अर्जाचा मसुदा ठाण्यातच मिळेल, असं त्यांना सांगितलं गेलं. नवऱ्याने सोमवारची पाळी बदलून घेतली आहे.